यंत्राला काय सांगावे, कुठे थांबावे

दवाखान्यात रुग्ण सोबत काय घेऊन येतात, यावरून काळ ओळखता येतो. पूर्वी मंडळी वर्तमानपत्रातील आरोग्यविषयक कात्रणे घडी घालून पाकिटात आणीत. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे संदेश आले, मग इंटरनेटवर शोधून काढलेली माहिती आली. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र मोबाइलच पुढे केला जातो आणि प्रश्न येतो, "डॉक्टर, यानं एवढं सांगितलंय, जरा बघता का?" हा 'यानं' म्हणजे मुलगा नसतो, शेजारीही नसतो. तो असतो मोबाइलमधला चॅटबॉट. आपण लिहू वा बोलू त्याला माणसासारखे उत्तर देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कार्यक्रम.

असा मोबाइल पुढे करणाऱ्यांचे मला दोन प्रकार दिसतात. सासूबाईंची शुश्रूषा करणाऱ्या एक गृहिणी तीन वेगवेगळ्या चॅटबॉटची मिळून चौदा पानांची उत्तरे घेऊन आल्या होत्या. त्यांत बावीस संभाव्य आजारांची नावे होती आणि बाईंची दोन रात्री झोप झाली नव्हती. त्याच आठवड्यात चौऱ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त लिपिक अर्धे पान घेऊन आले. त्यावर त्यांच्या तक्रारीचा क्रम, चालू गोळ्यांची यादी आणि मला विचारायचे तीन प्रश्न होते. साधन साधारण सारखेच; एकाच्या हाती त्यातून धास्ती आली आणि दुसऱ्याच्या हाती तयारी. हा फरक शिक्षणाचा नव्हता, वयाचाही नव्हता. यंत्राला काय सांगितले आणि त्याच्याकडे काय मागितले, एवढाच तो होता. घरातील ज्येष्ठांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना ही रीत सहज आत्मसात करता येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे यंत्र करते तरी काय?

'चॅटजीपीटी' हा चॅटबॉट ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुला झाला. त्यानंतर गूगलचा 'जेमिनी' आला, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये निळसर वर्तुळाच्या रूपाने 'मेटा एआय' दिसू लागला. नावे अनेक असली तरी गाभा सारखाच आहे. प्रचंड प्रमाणावर मजकूर वाचवून घेऊन या यंत्रांना भाषेची घडण शिकविलेली असते. आपण प्रश्न विचारला की त्या शब्दांच्या पुढे कोणते शब्द येणे संभवते, याचा हिशेब करीत ती उत्तर रचतात. काही साधने आता इंटरनेटवर शोध घेऊनही उत्तर देतात. त्यामुळे पुष्कळदा उत्तर बरोबर असते आणि सोप्या भाषेत असते. परंतु ते चुकले तरी त्याचा सूर बदलत नाही. अनुभवी वैद्य शंका असेल तेथे अडखळतो, पुन्हा नाडी पाहतो, "उद्या परत या" म्हणतो. यंत्राला आपला चेहरा दिसत नाही, पायावरील सूज दाबून पाहता येत नाही. न सांगितलेली गोष्ट त्याला ठाऊक नसते, आणि ती विचारून घेण्याचे भान त्याला प्रत्येक वेळी राहतेच असे नाही.

त्याच्या गोड बोलण्याविषयीही एक जुनी गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जोसेफ वायझेनबाऊम यांनी 'एलायझा' नावाचा एक साधा संभाषण-कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करणे, एवढेच त्याचे मुख्य कसब होते. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले, हे पाहून खुद्द वायझेनबाऊम चकित झाले. आजची यंत्रे एलायझाहून कितीतरी पुढे गेली आहेत. पण सहानुभूतीचे शब्द वाचले की समोर कोणी समजूतदार माणूस आहे असे वाटणे, हा मनुष्यस्वभाव तोच आहे.

दडपण कोठून येते?

चौदा पानांच्या उत्तरांनी जीव दडपतो, याची कारणे तीन. पहिले, यंत्र थकत नाही. उत्तर संपले की तेच विचारते, "याविषयी अधिक माहिती देऊ का?" आणि आपण 'हो' म्हणत राहतो. दुसरे, ते शक्यता मोजते, पण त्या तोलून देईलच असे नाही. साध्या कारणाशेजारी दुर्मीळ कर्करोगाचे नाव त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत उमटते, आणि वाचणाऱ्याची नजर नेमकी तेथेच खिळते. तिसरे, आपण बहुधा रात्री विचारतो. घर झोपलेले असते, धीर द्यायला कोणी नसते, आणि प्रत्येक नवे उत्तर नवा प्रश्न उभा करते.

यावर चार नियम मी रुग्णांना सांगतो.

एका वेळी एकच प्रश्न विचारावा. "आईच्या तब्येतीबद्दल सर्व सांगा" असे म्हटले की सर्वच येते. "क्रिएटिनिन या तपासणीचा अर्थ काय?" असे विचारले की तेवढेच येते.

उत्तराची लांबी आपण ठरवावी. प्रश्नाच्या शेवटी "सोप्या मराठीत, पाच ओळींत सांगा" असे लिहावे. अवघड वाटल्यास "हेच आणखी सोपे करून सांगा" असे म्हणण्यात संकोच नको. टंकलेखन जमत नसेल, तर माइकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोलता येते. मात्र आपले बोलणे बरोबर उमटले का, ते पाठविण्यापूर्वी वाचून घ्यावे. 'पंधरा'चे 'पन्नास' झाले तर उत्तरही तसेच येईल.

वेळ ठरवावी. दिवसाउजेडी, पंधरा मिनिटे. घड्याळ लावून बसले तरी चालेल. रात्री सुचलेला प्रश्न उशाशी ठेवलेल्या वहीत लिहावा. सकाळी त्यातले निम्मे प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत.

शेवटी कागदावर उतरवावे आणि मोबाइल बंद करावा. ज्या संभाषणातून तीन-चार ओळीही वहीत उतरल्या नाहीत, ते लांबवून उपयोग नाही. घरात तिघे जण तीन यंत्रांना विचारत असतील, तर ते काम एकावर सोपवावे. नाहीतर आजार एक आणि वाद तीन, अशी स्थिती होते.

रोगाचे नाव नको, अनुभव सांगा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या मराठीत तक्रार सांगण्याचे शब्द आहेत, आणि ते शब्दच पुष्कळदा निदान ठरवून मोकळे होतात. 'पित्त' हा शब्द घ्या. छातीत जळजळले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, उलटी झाली तरी पित्त आणि डोके दुखले तरी पित्तच. "पित्तावर घरगुती उपाय सांगा" असे यंत्राला सांगितले, तर ते थंड दूध, वेळेवर जेवण, तिखट कमी असे सल्ले देईल. प्रश्नाच्या दृष्टीने उत्तर चुकीचे नाही. पण त्या 'पित्ता'च्या मागे हृदयविकाराचा झटका असू शकतो. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला, तर कळ छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते. वयोवृद्धांत, स्त्रियांत आणि मधुमेहींत तर छातीत दुखलेच पाहिजे असेही नाही. नुसता दम लागणे, दरदरून घाम येणे, एकाएकी गळून जाणे एवढेच लक्षण असू शकते. आपण रोगाचे नाव आधीच लावून दिले, की यंत्र त्या नावाचे उत्तर देते. आपल्या शरीरात काय चालले आहे, त्याचे उत्तर ते देऊ शकत नाही, कारण ते आपण सांगितलेलेच नसते.

'चक्कर' हाही असाच शब्द. अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, कुशीवर वळताना खोली गरगर फिरल्यासारखी वाटणे, चालताना तोल जाणे आणि क्षणभर शुद्ध हरपणे, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत रक्तदाब उभे राहताच घसरत असेल, दुसरीत कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग बिघडला असेल, तिसरीत मज्जासंस्थेकडे पाहावे लागेल आणि चौथीत हृदयाच्या ठोक्यांकडे. 'गॅस', 'कमजोरी', 'जीव घाबरा होणे' यांचेही तसेच. दवाखान्यात आम्ही "चक्कर म्हणजे नेमकं काय होतं, आजी?" असे विचारून घेतो. यंत्रापुढे ते काम आपल्यालाच करावे लागते.

म्हणून नाव टाळून अनुभव सांगावा: काय होते, कोठे होते, केव्हापासून, किती वेळ टिकते, कशाने वाढते, कशाने कमी होते, सोबत आणखी काय होते. त्याआधी वय, जुने आजार आणि चालू औषधे सांगावीत. आणि मागणी करताना निदान मागू नये, तयारी मागावी. एक नमुना देतो:

"वय ७६, पुरुष. मधुमेह १८ वर्षे, रक्तदाब १० वर्षे. चालू औषधांची यादी खाली देत आहे. गेले दोन आठवडे सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, मिनिटभरात जाते. बसून असताना होत नाही. मी डॉक्टरांकडे जाणार आहे. निदान करू नका. डॉक्टरांना सांगण्यासाठी याचा दहा ओळींचा गोषवारा करा आणि मी विचारावेत असे तीन प्रश्न लिहा."

असा कागद हाती आला की डॉक्टरांची पाच मिनिटे वाचतात आणि ती तपासण्यात खर्ची पडतात. यादीचे मोल तर वेगळेच. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची, आणि प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी टॅम्सुलोसिन दुसऱ्या डॉक्टरांची, असे अनेक घरांत असते. टॅम्सुलोसिननेही उठताना रक्तदाब घसरू शकतो. दोन्ही नावे एका कागदावर आली की अंधारीचे कारण समोर दिसण्याची शक्यता वाढते. या वयात स्नानगृहातील एक पडणे खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसे असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अर्ध्या पानाची किंमत कळेल.

यंत्र खरोखर उपयोगी पडते ते येथे

अहवालातील शब्दांचा अर्थ समजून घेण्यासाठी ते उत्तम आहे. मात्र वय आणि आजार सांगितल्याशिवाय आकड्यांचा निवाडा मागू नये. उदाहरणार्थ, गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ही तपासणी. अनेक प्रौढांसाठी ती ७ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे लक्ष्य असते. पण अनेक व्याधींनी ग्रासलेल्या, नाजूक प्रकृतीच्या वृद्धांत ८ टक्क्यांपर्यंतची मर्यादा डॉक्टर मान्य करतात, कारण त्यांच्यात साखर एकाएकी उतरणे अधिक धोक्याचे असते. ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांचा ७.८ हा आकडा पाहून लेकीने वयाचा उल्लेख न करता प्रश्न विचारला, तर तिला 'नियंत्रण समाधानकारक नाही' असे उत्तर मिळेल आणि उगाच वडिलांचा भात बंद होईल. क्रिएटिनिनची गोष्ट याच्या उलट. कृश वृद्धाच्या अंगात स्नायूच कमी असल्याने हा आकडा छापील मर्यादेत दिसूनही मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असू शकते.

औषधांचे वेळापत्रक करून घेण्यासही यंत्र उपयोगी आहे. चिठ्ठीवरील बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना आणि एस.ओ.एस. म्हणजे गरज पडल्यास. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावयाची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी लागते. अशा वेळा सांभाळून मोठ्या अक्षरांतला तक्ता करून मिळतो. पण डॉक्टरांच्या हस्ताक्षराचे छायाचित्र देऊन नावे वाचवून घेऊ नयेत. एका अक्षराच्या फरकाने भलतेच औषध निघते. गोळ्यांच्या पाकिटावर छापलेले मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम आपल्या हाताने लिहावेत. तयार झालेला तक्ता पाकिटांशी ताडून पाहावा आणि भिंतीवर लावण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषध दुकानातील फार्मासिस्टला दाखवावा.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी काही कामे हे यंत्र हलकी करते. तीन भावंडांत आठवड्याच्या पाळ्या वाटणे, परगावच्या बहिणीला आईच्या प्रकृतीचा थोडक्यात वृत्तान्त लिहिणे, विम्याच्या अर्जातील भाषा समजून घेणे, मऊ आणि कमी मिठाच्या जेवणाचा आठवड्याचा आराखडा करणे, विस्मरणाचा आजार असलेल्या सासऱ्यांना "ऑफिसला जायचंय" असे पुन्हा पुन्हा वाटते तेव्हा वाद न घालता काय बोलावे ते सुचविणे. काळजीवाहकाचा थकवा अशाच बारीकसारीक कामांतून साचतो. तो अर्ध्या तासाने जरी कमी झाला तरी त्या अर्ध्या तासात त्याने डोळे मिटून पडावे, असे मी आवर्जून सांगतो.

आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्न शोधून देणे, हे तर त्याचे सर्वांत मोलाचे काम. पायांना सूज आलेल्या एका आजींनी आपली औषधे आणि तक्रार यंत्राला सांगितली. उत्तरात इतर कारणांबरोबर एक ओळ होती की, रक्तदाबाच्या एमलोडिपिन या गोळीनेही घोट्यांवर सूज येऊ शकते. आजींनी गोळी बंद केली नाही. त्या कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, असं असू शकतं का?" हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी केली, ती ठीक निघाली, मग गोळी बदलली आणि सूज उतरली. त्यांनी परस्पर गोळी थांबविली असती, तर रक्तदाब कोठे गेला असता हे सांगता येत नाही.

मिठाची गोष्ट

उत्तर वाचून परस्पर अंमल केला तर काय होते, याचे एक नोंदले गेलेले उदाहरण ऑगस्ट २०२५ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन: क्लिनिकल केसेस' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साठ वर्षांच्या एका गृहस्थांनी मिठाचे दुष्परिणाम वाचले आणि आहारातून क्लोराइडच काढून टाकायचे ठरविले. चॅटजीपीटीशी सल्लामसलत करून त्यांनी मिठाऐवजी इंटरनेटवरून मागविलेले सोडियम ब्रोमाइड तीन महिने वापरले. पुढे शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतो आहे असा त्यांना संशय येऊ लागला, भास होऊ लागले, आणि तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. शरीरात साचलेल्या ब्रोमाइडची ती विषबाधा होती. त्यांचे मूळ संभाषण डॉक्टरांना पाहावयास मिळाले नाही. परंतु क्लोराइडऐवजी काय वापरता येईल असे डॉक्टरांनी स्वतः यंत्राला विचारले, तेव्हा उत्तरात ब्रोमाइडचे नाव आले. संदर्भ महत्त्वाचा आहे असे यंत्राने म्हटले, मात्र हे कशासाठी हवे आहे, असा प्रश्न त्याने केला नाही.

ही घटना दूरची वाटेल, पण मिठाचा प्रश्न आपल्याही स्वयंपाकघरात आहे. किराणा दुकानात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये प्रौढांसाठी अशा मिठाचा पर्याय सुचविला, तेव्हा मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या व्यक्तींना त्यातून वगळले होते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाब व हृदयाची औषधेही शरीरातील पोटॅशियम वाढवतात. त्यात हे मीठ पडले, तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. "रक्तदाबासाठी कोणते मीठ चांगले?" या चार शब्दांच्या प्रश्नात ना मूत्रपिंडाचा उल्लेख असतो, ना गोळ्यांचा. म्हणून तोंडावाटे पोटात जाणारी कोणतीही नवी वस्तू, मग ते मीठ असो, काढा असो वा चूर्ण, यंत्राच्या भरवशावर सुरू करू नये.

येथे यंत्र बाजूला ठेवावे

काही प्रसंगी प्रश्न विचारण्यात गेलेला वेळ हेच नुकसान असते. पुढील यादी फ्रिजवर चिकटवून ठेवावी.

• छातीत दाब, जळजळ वा कळ, विशेषतः घाम, दम किंवा मळमळ यांच्यासह. ती जबड्याकडे, खांद्याकडे, पाठीकडे वा हाताकडे जात असल्यास अधिकच.

• तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, एकाएकी दिसेनासे होणे. मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यातच रुग्णालयात पोहोचणे आणि स्कॅन करणे आले.

• मधुमेही व्यक्तीला थरथर, घाम, असंबद्ध बोलणे. साखर ७० च्या खाली असल्यास आणि गिळता येत असल्यास लगेच ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध नसल्यास तोंडात काहीही घालू नये.

• रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना डोक्यावर पडणे, वरून जखम दिसत नसली तरी.

• कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज एकाएकी भ्रमिष्टासारखे वागू लागणे.

अशा वेळी १०८ किंवा ११२ फिरवावा. याशिवाय इन्सुलिनची मात्रा ठरविणे, चालू गोळी थांबविणे वा कमी-जास्त करणे, प्रतिजैविक सुरू करणे आणि अंगदुखीवर वेदनाशामक निवडणे, हे निर्णयही यंत्राकडे सोपवू नयेत. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढविणारी गोळी ही तिन्ही एकत्र आली, तर वृद्धांच्या मूत्रपिंडाला मोठा धोका संभवतो. सर्दीच्या काही औषधांतील गुंगी आणणाऱ्या घटकांनी ज्येष्ठांत गोंधळलेपणा येतो, पुरुषांत लघवी अडकते. घरच्या डब्यात उरलेली गोळी पाहून यंत्राला "ही चालेल का?" असे विचारण्याऐवजी दूरध्वनी करून डॉक्टरांना विचारावे.

खासगीपण आणि फसवणूक

यंत्राला वय आणि आजार पुरतो. नाव, पत्ता, आधार क्रमांक, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक किंवा विम्याचा पॉलिसी क्रमांक लागत नाही. अहवालाचे छायाचित्र देण्यापूर्वी वरचा नावाचा भाग कागदाने झाकावा. बँकेचा तपशील आणि ओटीपी तर कोणालाही सांगू नये. आजार बरा करण्याची हमी देऊन आधी पैसे भरण्यास सांगणारे, ओळखीच्या डॉक्टरच्या चेहऱ्याची वा आवाजाची नक्कल करणारे संदेशही आता येतात. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम अडविता येण्याची शक्यता अधिक.

एक गोष्ट मुलांना आणि सुनांना सांगावीशी वाटते. आई-वडिलांच्या आजाराविषयी विचारायचे असेल, तर त्यांना शेजारी बसवून विचारावे. तक्रार त्यांची आहे. ती त्यांच्या शब्दांत यंत्रापर्यंत जावी आणि उत्तर त्यांना वाचून दाखवावे. पुष्कळदा तसे बसल्यावरच आई सांगते, "अगं, ती पांढरी गोळी मी महिनाभर घेतच नाही." ही माहिती कोणत्याही यंत्राला आपणहून मिळाली नसती.

रात्रीची सोबत

जोडीदार गेल्यानंतर, मुले परदेशी असताना, रात्री झोप न येणारे काही ज्येष्ठ या यंत्राशी गप्पा मारतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जुन्या गाण्यांविषयी, गावच्या जत्रेविषयी बोलून मन हलके होत असेल तर जरूर बोलावे. मात्र दिवसाकाठी एका तरी जिवंत माणसाशी बोलणे झाले पाहिजे: कट्ट्यावरचा मित्र, शेजारच्या वहिनी, दूधवाला, कोणीही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवणावरची वासना उडाली, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मानसिक आरोग्यासाठी आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी 'एल्डरलाइन'चा १४५६७ हा क्रमांक आहे. तेथे पलीकडे माणूस बोलतो.

या रविवारी एवढे करावे

साऱ्या सूचना एकदम अमलात आणण्याचा अट्टहास नको. येत्या रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, घरातील सर्व औषधांची पाकिटे टेबलावर मांडावीत. मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि कोणत्या डॉक्टरांनी दिले ते वहीत लिहावे. काढे, चूर्णे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, डोळ्यांतले थेंब हेही लिहावेत. मग ती यादी नाव न देता यंत्राला सांगून एवढेच मागावे: "याचा मोठ्या अक्षरांतला एका पानाचा तक्ता करा, आणि एकच घटक दोनदा आला असल्यास दाखवा. औषध बदलण्याचा सल्ला देऊ नका." तयार झालेला कागद पाकिटांशी ताडून पाहावा, एक प्रत पाकिटात ठेवावी आणि एक पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी. तो कागद यंत्राने लिहिला म्हणून डॉक्टर रागावतील, अशी भीती बाळगू नये. नीट लिहिलेली औषधांची यादी कोणत्याही डॉक्टरला हवीच असते.